दीपगृहाच्या ट्रॅकवर पहिली

मी सिटी बस चालवते. चालवायचे म्हणा, पण तसं कोणी माझ्यासमोर म्हटलं की माझं डोकं फिरतं. हिवाळ्यात मेंदूत गुठळी झाली, डावा हात लुळा पडला. घरी आल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हाताला आणि नजरेला रोज काम द्या, मुलीकडे तो गाड्यांचा व्हिडिओ गेम आहे ना, तो खेळा. मी म्हटलं, बाई, मी भरलेली बस गल्लीबोळातून काढते, हे कार्टून काय चालवायचं. पण पहिल्याच दिवशी बेडूक बसलेली ती एवढीशी कार्ट थेट समुद्रात घातली आणि मला अशा मिरच्या झोंबल्या की दुसऱ्या दिवसापासून मीच टीव्हीसमोर ठाण मांडलं.

डॉक्टरांचं म्हणणं वेगळंच होतं. डोळे ठीक आहेत, मेंदू डावीकडची दखल घेत नाही, येईल हळूहळू, घाई नको. मला ते काही पटायचं नाही. मला तर सगळं दिसत होतं. हात सुधारला होता, जिना चढत होते, तोंडाचा पट्टा तर दवाखान्यातही बंद पडला नव्हता. बस परत हातात यावी, बाकी मला काही नको होतं.

गेम तसा पोरकट. आठ कार्ट, तीन फेऱ्या. वाटेत खोकी तरंगतात, त्यांतून गाडी नेली की काहीतरी हाती लागतं. साबणाची वडी मागे टाकली की मागचा घसरतो. फुग्यात शिरलं की मार लागत नाही. रॉकेट मिळालं की शेवटचासुद्धा सुसाट पुढे. आणि एक गांधीलमाशी, ती फक्त पहिल्या नंबरवाल्याला शोधून डसते. मागे पडलेल्याला भारी वस्तू, पुढच्याला किरकोळ, असा तिथला न्याय. माझा नवरा शिंपी आहे, दिवसभर मान खाली घालून शिवतो. तो म्हणाला, "हा न्याय आपल्या घरात असता तर मी कुठच्या कुठे गेलो असतो."

मला मात्र खोक्यातून कधी काही मिळायचंच नाही. खोकं फुटायचं, टुणकन आवाज यायचा, हाती भोपळा. लेकीकडे तक्रार केली की ती म्हणायची, "तू नुसती चालव गं आई, वस्तूंचं राहू दे."

सगळ्यांत वाईट ट्रॅक दीपगृहाचा. खडकाला वळसे घेत चढणारा रस्ता, उजवीकडे खडक, डावीकडे समुद्र, कठडा नाही. मी मनाशी ठरवून टाकलं, ज्या दिवशी दीपगृहावर पहिली येईन त्या दिवशी डेपोत फोन करायचा. कुणाला वेडेपणा वाटेल. पण मला माझी एखादी खूण हवी होती, डॉक्टरांच्या तोंडाकडे बघून मी कंटाळले होते. सुरुवातीला मी सारखी पाण्यात. एक बगळा यायचा, कार्ट चोचीत धरून रस्त्यावर ठेवायचा, की मी पुन्हा पाण्यात. एकदा कंट्रोलर भिंतीवर फेकला आणि दोघांच्या समोर ढसाढसा रडले. त्यानंतर मात्र जमायला लागलं. पाण्यात पडणं थांबलं. सहावी आले, चौथी आले, आणि गेल्या रविवारी लेकीला आणि नवऱ्याला मागे टाकून पहिली. दोघांनी टाळ्या वाजवल्या. जरा जास्तच वाजवल्या, हे आता कळतं.

मी तिथल्या तिथे उस्तादांना फोन लावला. उस्तादांनीच मला बस शिकवली. आजारातून उठलेल्या ड्रायव्हरची चाचणी डेपोत तेच घेतात. म्हणाले, "शुक्रवारी ये. आवारात चार फेऱ्या मार, सही करतो. सोमवारी तुझी गाडी तुला." उस्ताद मला नापास करणार नाहीत हे अख्ख्या डेपोला ठाऊक आहे. नवऱ्याने शिवण पुढ्यात ओढली. मी म्हटलं, बायको कामाला निघाली तर तोंड का पडलं? "कुठे काय," म्हणाला आणि हातातली बाही उलटीसुलटी करत राहिला.

गुरुवारी दुपारी घरात मी एकटीच. हात चालता ठेवावा म्हणून दीपगृह लावलं. दुसऱ्या फेरीत दाराची बेल वाजली. कंट्रोलर सोफ्यावर टाकला आणि गेले. शेजारणीचं पार्सल होतं, तो माणूस सही घेता घेता उन्हाळ्याबद्दल बोलत बसला. परत आले तर बेडूक गाडी चालवत होता. मी नव्हते, तरी चालवत होता. कडेला आला की कोणी कॉलर धरून ओढावं तसा आत यायचा, वळण घ्यायचा, पुढे जायचा. पाचवा आला.

मी पुन्हा शर्यत लावली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. तिन्ही फेऱ्या बघितल्या. एकदाही पाण्यात पडला नाही. या वेळी चौथा.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. लेक कॉलेजातून आली, तिच्या पाठोपाठ नवरा. तिला बॅगही उतरवू दिली नाही.

"हे काय आहे?"

तिने टीव्हीकडे बघितलं, मग बापाकडे. "ती मदत आहे, आई. अगदी लहान मुलांसाठी असते. गाडी पडू देत नाही, वेगही आपोआप देते."

"कधीपासून चालू आहे?"

"तू कंट्रोलर फेकलास त्या दिवसापासून."

"आणि रविवारी पहिली आले ते?"

नवरा म्हणाला, "माझ्याकडे गांधीलमाशी होती. मी सोडली नाही."

"म्हणजे दोघांनी मिळून शेंडी लावलीत मला."

"तू रडत होतीस गं," नवरा म्हणाला.

"मग रडू द्यायचं. उद्या मी बस मागायला निघाले आहे, तुमच्या टाळ्यांवर." मला फार राग आला होता, आणि रागाखाली भीती होती. "बंद कर ती मदत."

तिने बंद केली. पहिल्याच वळणावर समुद्र. बगळा. दुसऱ्या वळणावर समुद्र. लेक म्हणाली, "डावीकडे बघ ना आई." मी खरंच बघत होते. माझ्यापुरता टीव्ही पुरा होता, कुठे भोक नाही, अंधार नाही, आणि तरी रस्ता संपायचा आणि मी पाण्यात. मग एक खोकं फुटलं, टुणकन वाजलं.

"बघ," मी म्हटलं, "याही वेळी काही दिलं नाही."

लेकीने शर्यत थांबवली. "आई, तुझ्याकडे रॉकेट आहे."

"कुठे?"

"वर, डाव्या कोपऱ्यात. नेहमी तिथेच येतं."

मी मान वळवली. हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत वळवली, तेव्हा ते दिसलं. लाल रॉकेट, चांगलं तळहाताएवढं. इतके दिवस ते तिथे येत होतं आणि मी गेमला कंजूष म्हणत होते.

नवरा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "जेवतानाही तू अर्धं ताट तसंच ठेवतेस. मी फिरवून ठेवतो, मग उरलेलं खातेस."

मला वाटायचं तो आग्रहाने दुसऱ्यांदा वाढतो. मी त्याला त्यावरून टोमणेसुद्धा मारले होते. आता हसूही येईना. माझ्या डोळ्यांसमोर सोमवार उभा राहिला. आमच्या बसचं दार डावीकडे. थांबे डावीकडे. फुटपाथवरून एक पाय खाली टाकून, बस आली का म्हणून वाकून बघणारी माणसं सगळी डावीकडे.

"उद्या उस्ताद बघतीलच की," नवरा हळूच म्हणाला.

"आवार रिकामं असतं. तिथे कोण उभं असतं डावीकडे?"

मी फोन लावला. मागे बस धुतल्याचा आवाज येत होता.

"उस्ताद, मी उद्या येत नाही."

"का गं? बरं नाही?"

"मला डावीकडचं कळत नाही. आज मी स्वतः बघितलं."

ते हसले, मायेने. "घरात बसून बसून मनाने घेतलंय तुझ्या. अगं, चार फेऱ्या तर मारायच्यात. मी बसतो ना डावीकडे, सांगत जातो तुला. घाबरतेस कशाला, मी आहे."

"तुम्ही आहात म्हणूनच येत नाही," मी म्हटलं.

पलीकडे त्यांनी कुणाला तरी पाणी बंद करायला सांगितलं. मग ते म्हणाले, "तुझी गाडी त्या नव्या पोरीला द्यावी लागेल मग. इतके दिवस मी अडवून धरली होती."

"द्या," मी म्हटलं. "तिला सांगा, दुसरा गिअर जरा दाबून टाकावा लागतो."