म्हातारीचा गळा

"बाबा, बॉनेटमध्ये मांजर कोंडलंय का हो?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि पैजेला मागे हटेल ती भिंगरी कसली! शाळेच्या फाटकाशी, सगळ्यांच्या देखत तिने हे विचारलं, तेव्हा मैत्रिणी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. बाबा मात्र हसले नाहीत. एरवी तिच्या शेराला सव्वाशेर असणारा माणूस, पण त्या दिवशी नुसतं "बस" म्हणाले आणि गाडी सुरू केली. जुनी पिकअप अशी किंचाळली की भिंतीवरची कबुतरं उडाली.

बाबा सुतार. त्यांच्या पिकअपला घरात सगळे म्हातारी म्हणत. तिच्या पाठीवरून कितीतरी कपाटं, पलंग आणि दारं लोकांच्या घरी पोचली होती. लहानपणी भिंगरी शेजारच्या सीटवर गुडघ्यांवर उभी राहून मागच्या फळ्यांवर पहारा द्यायची. अलीकडे मात्र म्हातारीचा गळा बिघडला होता.

संध्याकाळी जेवताना बाबांनी सांगून टाकलं की रविवारी एक गिऱ्हाईक येतंय, सुटे भाग काढायला म्हातारीला घेऊन जाणार आहे. आईचा घास हातातच राहिला. अहो, पण का, असं तिने विचारलं, तर बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "पोरीला चारचौघांत मान खाली घालावी लागते. मग ठेवून काय करायचं?"

भिंगरी गंमत करायला गेली आणि बापाच्या काळजाला लागलं. सॉरी म्हणून टाकणं सोपं होतं, पण बाबांना सॉरी पचत नाही. कुणी म्हटलंच, तर ते उठून उगाच पेचकस शोधायला लागतात. तेव्हा तिने मनाशी पक्कं केलं, रविवारच्या आत हा आवाज शोधायचाच. आवाज गेला की विकायचं कारणही गेलं.

तसं गॅरेजवाल्या काकांनी म्हातारीला आधी तपासलं होतं. पण गॅरेजच्या दारात ती अशी मूग गिळून उभी राही की विचारता सोय नाही. काका वैतागून म्हणाले होते, पेशंटला आणता आणि दुखणं घरी ठेवून येता.

शनिवारी शाळा सुटताच भिंगरीने बाबांना स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः बॉनेट उघडून उभी राहिली. आई शिवणकाम करायची. ती शर्टांची बटणं घेऊन पायरीवर बसली, म्हणजे तमाशा बघता बघता कामही होईल. गाडी सुरू झाली, जागची हलली नाही, तरी कुईं करून ओरडली. म्हणजे चाकं आणि ब्रेक निर्दोष सुटले. मग भिंगरीच्या हुकमावरून बाबांनी स्टिअरिंग पार एका बाजूला पिळलं. तशी म्हातारीने असा सूर लावला की शेजारच्या काकूंनी धाडकन खिडकी लावून घेतली. सगळा कालवा इंजिनाच्या पुढच्या पट्ट्यापाशी होता. गाडी बंद करायला लावून भिंगरीने पट्ट्यावर बोट फिरवलं. बोट काळं आणि बुळबुळीत झालं. वास घेतला, तर ओळखीचा. घरातल्या एकूण एक बिजागरीला येतो तोच.

"बाबा, इथे तेल कुणी घातलं?"

"मीच," बाबा अगदी सहज म्हणाले. "कुरकुरलं की तेल घालायचं, त्यात काय? थेंबभर टाकलं की गप्प होते बिचारी. गॅरेजला नेताना तर आठवणीने घालतो. लोकांच्या दारात जाऊन तिने किंचाळायचं, बरं दिसतं का ते?"

आई हसून हसून लाल झाली. "अहो सुतारबुवा, बिजागरी वेगळी आणि पट्टा वेगळा. माझ्या मशीनच्या पट्ट्याला तेलाचं बोट जरी लागलं तरी तो घसरतो, आणि मग बसा ऐकत."

बाबा खाली उतरून पट्ट्यावर वाकले. "म्हणजे औषध म्हणून मीच तिला आजारी पाडत होतो?"

त्या दिवशी म्हातारी पहिल्यांदाच बोंबलत गॅरेजात शिरली. काका कान टवकारून बाहेर आले. पट्टा मुळात थोडा सैल होता, ताणून बसवला असता तरी भागलं असतं, पण तेलाने त्याचं पार वाटोळं केलंय, असं म्हणत त्यांनी पुल्या पुसून नवा पट्टा बसवला. येताना गाडी इतकी गप्प की सिग्नलला बाबांना वाटलं, इंजिन बंदच पडलं.

घरी आल्यावर मात्र बाबा पुन्हा मूळपदावर आले. आवाज गेला हे छानच, पण गाडी जुनी ती जुनीच, शाळेपुढे काही शोभत नाही, शिवाय गिऱ्हाइकाला शब्द दिलाय, वगैरे वगैरे. आई काही बोलणार, तेवढ्यात भिंगरी दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिच्या नाकाला अजून काळं लागलेलं होतं.

"विकायची नाही," ती म्हणाली. "तुम्ही गॅरेजमध्ये काकांशी बोलत होतात ना, तेव्हा मी तुमच्या फोनवरून त्या माणसाला येऊ नका म्हणून सांगून टाकलंय. आणि दहावी होईपर्यंत मी शाळेत म्हातारीतूनच जाणार, तुमच्या शेजारी बसून. ठरलं म्हणजे ठरलं."