कवळीचा रिकामा कागद

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटावर दोन जाळीदार लाकडी फळ्या आणि तुटके चामडी पट्टे धूळ खात पडलेले तुम्ही पाहिले असतील. ती मीच. झाडपाला दाबून सुकवायची मी एक जुनी चौकट आहे. माझं वय विचारू नका. जव्हारला राजेसाहेबांचं संस्थान होतं आणि कचेरीत मोडी चालत होती, तेव्हाची मी.

रघु सुताराने मला सागाच्या पट्ट्यांतून घडवलं. "हिच्यात काय ठेवायचं?" त्याने विचारलं.

"पाला," कान्हा म्हणाला.

"पाला तर गुरं खातात. त्याला एवढा थाट कशाला?" रघुला हसू आवरेना. खरं सांगते, मलाही तेच कोडं पडलं होतं.

कान्हा कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा. मुंबईच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होता आणि युनिव्हर्सिटीच्या परीक्षेत एकदा नापास झाला होता. प्राध्यापकांनी बजावलं होतं, सुट्टीत आपल्या मुलखातली शंभर झाडं सुकवून आण. प्रत्येकाचं नाव, जागा, तारीख आणि तिथली माणसं त्याचं काय करतात, तेही लिही. जमलं तर पुन्हा परीक्षेला बसता येईल. नाहीतर वडिलांशेजारी कचेरीत लेखणी घासायची. त्या कचेरीची कान्ह्याला भारी धास्ती होती.

दाभोशाच्या पाड्यावरची फागी नसती, तर त्याची दहा झाडंही झाली नसती. फागी नाचणी पेरणारी, साठीतली बाई. ती पाला चोळायची, हुंगायची, देठ मोडून चीक बघायची आणि मग नाव सांगायची. कशाने ताप उतरतो, काय भुकेला चालतं, काय चुकूनही तोंडात घालायचं नाही, सगळं तिला पाठ. तिलाही प्रश्न कमी नव्हते. एकदा कान्ह्याने एका झुडपाचं शास्त्रातलं नाव सांगितलं, तर म्हणाली, "एवढं लांब? हाक मारेस्तोवर झाड वाळून जायचं!" संध्याकाळी कान्हा माझ्यातले ओले टिपकागद बदलायचा. मी नव्या पाहुण्यांची वाट बघत असायची.

कॉलेज उघडायला सहा दिवस राहिले. नव्याण्णव झाडं झाली होती. तेवढ्यात उतारावर कवळी, ही पहिल्या पावसातली रानभाजी, उगवली, पांढऱ्या फुलांसकट. पण कवळीची रीत वेगळी. सगळा पाडा जमून ती आधी देवाला दाखवतो, मगच लोक तिची भाजी खातात. तो दिवस अजून लांब होता.

"अजून नाय, पोरा," फागी म्हणाली.

"मी खाणार नाही. नुसती कागदावर ठेवतो."

"हात तर लावशील ना?"

कान्हा मला पाठीवर टाकून परत फिरला. पण दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता एकटाच गेला आणि एक कवळी मुळासकट उपटून त्याने माझ्यात कोंबली. दाबणं हेच माझं काम, मी दाबली. पुढे दोन दिवस त्याला मला उघडायचा धीर होईना. उघडलं तेव्हा रसरशीत कवळीचा चिखल झाला होता आणि बुरशी शेजारच्या बारा झाडांना लागली होती. मला फार लाज वाटली.

कान्हा मला उचलून फागीकडे गेला आणि त्याने सगळं कबूल केलं. तिने कुजलेले कागद एकेक करून उलटले.

"देवाचं देव बघंल," ती म्हणाली. "मला वाईट वाटलं. मी तुला सगळं रान दाखवलं. तू मला इचारलं का नाय?"

कान्ह्याला रडू कोसळलं. फागीने त्याला रडू दिलं आणि मग कोयती उचलली. "चल. ती बारा परत शोधू."

बारा सापडली. कवळीला मात्र कोणी हात लावला नाही.

मुंबईत प्राध्यापकांनी माझ्यातला गठ्ठा सोडला. शंभरावा कागद रिकामा होता. खाली लिहिलं होतं : 'कवळी. दाभोसा. फुलली आहे. अजून देवाला दाखवलेली नाही, म्हणून आणली नाही. एक चोरून उपटली होती, ती कुजली.'

प्राध्यापकांनी तो कागद दोनदा वाचला.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"फागीबाईने. तिला लिहिता-वाचता येत नाही."

प्राध्यापकांनी सगळा गठ्ठा त्याच्याकडे परत सरकवला. "हा कागद मी शंभरात धरतो. पण गोळा करणारा म्हणून सगळीकडे तुझंच नाव आहे. तिचं कुठे आहे?"

कान्हा तिथेच बसला आणि प्रत्येक कागदावर त्याने लिहिलं, 'शिकवणारी : फागी.' शंभर वेळा.

मित्रांनो, मला नवे पट्टे लावा आणि रानात न्या. अजून कितीतरी पाले मी पाहिलेले नाहीत. माझे कागद रोज बदला. पण काही खुडण्याआधी तिथल्या माणसांना विचारा, आणि ती 'अजून नाय' म्हणाली, तर मला रिकामीच घरी आणा.