माझ्या अर्थासाठी कोणीतरी उठलं

दचकू नका, मी 'बंडखोर' बोलतोय! माणूस नव्हे, शब्द. 'बंड' हे माझं धड आणि 'खोर' ही फारसीतून आलेली शेपटी. तिचा मूळ अर्थ 'खाणारा'. भांडखोर आणि चुगलखोर ही माझी भावंडं. अशा घरातल्या पोराला कोण मान देणार? वर्गात कोणी जास्त प्रश्न विचारले, की मी. जेवताना वडिलांना उलट बोललं, की मी. शेजारच्या 'विद्रोही'च्या तर पोटातच द्रोह, पण तो पडला संस्कृत घराण्यातला. त्याला सभेत हार, मला शिव्या!

मग एका शब्दकोशाच्या कचेरीत माझा अर्थ नव्याने ठरायचा होता. एकदा छापला, की पुढची कैक वर्षं पोरं तोच वाचणार. तिथली रीत अशी: संपादक अर्थ वाचतात. मान्य असेल त्याने बसून राहायचं, नसेल त्याने उभं राहायचं. एक जण जरी उभा असला, तरी अर्थ छपाईला जात नाही. पण खुर्च्या मऊ होत्या. कोणी उठतच नसे.

संपादकांनी वाचलं, "बंडखोर: शिस्त मोडणारा, उपद्रवी."

कचेरीतली सर्वांत नवी सहायिका ताडकन उठली.

"अहो बाई, चहा यायचाय अजून. बसा."

"बसले तर मान्य होईल, सर. अन्यायाविरुद्ध उठणारा कुठे गेला?"

"तो 'क्रांतिकारक'मध्ये आहे की!"

"तो जिंकल्यावर, सर. जिंकेपर्यंत आपण त्याला बंडखोरच म्हणतो."

मुद्रितं तपासणारे काका खुदकन हसले. संपादकांचा पारा चढला. "थांबा, जुना कोशच दाखवतो!" म्हणत ते उठले आणि कपाटाकडे निघाले.

"साहेब," काका म्हणाले, "तुम्हीसुद्धा उभे!"

संपादक जागच्या जागी थबकले. कचेरीभर हशा पिकला. "घ्या! स्वतःच्याच अर्थाविरुद्ध उठलो की मी!" तेही पोट धरून हसू लागले. मग उभ्या-उभ्याच त्यांनी पेन सहायिकेच्या हाती दिलं. "लिहा. पण माझा उपद्रवी दुसऱ्या क्रमांकावर राहू दे हं."

"राहू दे, सर. उपद्रव तर होतोच!"

आता मी छापून आलोय: 'अन्यायाविरुद्ध, एकटा असला तरी, उठणारा.' शाईचा वास अजून ताजा आहे. मित्रांनो, मला फक्त रागावताना वापरू नका. कोणाची पाठ थोपटतानाही म्हणून पाहा. जिभेवर मस्त रुळतो मी!