केविनच्या गळ्यापर्यंत

केविनने एंटरची कळ दाबली आणि पडद्यावर त्याच्या वडिलांच्या बावखलापुढे शून्य उमटले.

तो खुर्चीत मागे रेलला. पापडी गावच्या वाड्यांमधली ही बावखले, म्हणजे जुनी तळी, किती जिवंत आहेत आणि किती मेली, याची मोजणी गावाच्या समितीने काढली होती. ऐन मे महिन्यात दोन फुटांहून कमी पाणी असेल ते बावखल मेले, त्यात भराव टाकायला हरकत नाही, असे ठरले होते. मुंबईत कॉम्प्युटरवर काम करणारा मुलगा गावातच असताना आकडेमोड हाताने कोण करणार? घरोघरच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा केविनच्या टेबलावर येऊन पडला.

लोकांनी लिहिलेले त्याने जसेच्या तसे इंग्रजी अक्षरांत टाइप केले आणि त्या मजकुराचे आकडे करायला फॉक्सप्रो या प्रोग्रामला सांगितले. फॉक्सप्रोची रीत साधी होती. आधी ७ हा आकडा आणि पुढे 'फूट' असे दिसले की सात उचलायचे, फूट सोडून द्यायचे. सुरुवातच अक्षराने झाली, तर काही न विचारता शून्य. सिप्रियनकाकांनी 'पुरुषभर' लिहिले होते. तिथे शून्य आले तेव्हा केविन हसला आणि त्याने स्वतःच्या हाताने साडेपाच घातले. पुरुषभर पाणी म्हणजे किती, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळते.

वडिलांच्या चिठ्ठीवर लिहिले होते, 'केविनच्या गळ्यापर्यंत.'

हे शून्य मात्र त्याने तसेच ठेवले. डिसेंबरात त्याचे इनेझशी लग्न होते आणि घरात दोनच खोल्या. बावखल भरले तर तिथे घर उभे राहणार होते. वडिलांनी, प्लासिडनी, तसा शब्दही दिला होता, "मेलेलं निघालं तर भर. मी आड येनार नाय." जलपर्णी इतकी माजली होती की खाली नुसता चिखल असेल, असे केविनला अगदी मनापासून वाटत होते. आता मशीनही तेच म्हणत होते. आयते मिळालेले कोणाला नको असते?

चिठ्ठी गठ्ठ्यात परत ठेवताना त्याची नजर वरच्या ओळींवर गेली. लांबी आणि रुंदी फुटांत होती, इंचांसकट. तो चिठ्ठी घेऊन मागच्या दाराने वाडीत गेला.

प्लासिड बावखलाच्या काठावर केळीची सुकलेली पाने कापत होते.

"पप्पा, लांबी-रुंदी टेप लावून मोजलीस. मग खोली का नाय मोजलीस?"

"टेप भिजली असती."

"गळ्यापर्यंत म्हणजे कधीच्या गळ्यापर्यंत? मी शाळेत होतो तेव्हाच्या?"

"गळा तुझा हाय. मला काय विचारतोस?"

केविन वैतागला. काय तो सोक्षमोक्ष लावावा म्हणून त्याने शर्ट काढला आणि जलपर्णी सारत दगडी पायऱ्या उतरू लागला. चिखलाच्या धास्तीने पाऊल जपून टाकले, तर गुडघा बुडाला. मग कंबर बुडाली. वरच्या हिरव्या थराखाली पाणी गार होते. बारीक मासे पोटऱ्यांना टोचू लागले. पाठीला सुके नारळ बांधून वडिलांनी त्याला इथेच पोहायला शिकवले होते, आणि तेव्हाही तो या माशांना घाबरून ओरडायचा. मधोमध पोचला तेव्हा पाणी छातीवर येऊन थांबले.

म्हणजे बावखल जिवंत होते. डिसेंबरातले घर गेले. त्याला वाईट वाटले, बरेच वाईट वाटले, पण पाण्यातून बाहेर यावेसे वाटेना.

काठावर प्लासिड आता उभे राहून बघत होते. गेल्या वर्षापासून ते काठी घेऊन चालत, पाण्यात उतरणे बंद झाले होते. केविनने पाण्याखाली हळूच गुडघे वाकवले.

"बरोबर हाय, पप्पा," तो ओरडला. "गळ्यापर्यंत हाय."

"गुडघे सरळ कर," प्लासिड म्हणाले. "पानी उतरलंय ते मला ठाऊक हाय."

केविन सरळ उभा राहिला. पाणी पुन्हा छातीवर आले.

"ठाऊक होतं, तर तसं लिहिलंस का?"

प्लासिड वाकून पाने गोळा करू लागले.

"आता घरात जा आनि काय आकडा घालायचा तो घाल," ते म्हणाले. "शून्य घातलंस तरी मी बघायला येनार नाय."

केविन तसाच उभा राहिला. त्याने बाजूला केलेली जलपर्णी सावकाश परत त्याच्याकडे सरकत होती.

"पप्पा, टेप टाक."

प्लासिडनी खिशात हात घातला. टेप तिथेच होती.

"भिजेल रे."

"भिजू दे," केविन म्हणाला.