रखवालदार : स्वतः

माझी धाकटी बहीण कार्टून काढते. तिला कार्टून म्हटलेलं खपत नाही, ॲनिमेशन म्हणायचं. दिवसा ती एका छापखान्यात औषधांच्या खोक्यांची डिझाइनं करते आणि उरलेल्या वेळात, कोणी सांगितलेलं नसताना, एकटीच बसून ही मालिका बनवते आणि इंटरनेटवर टाकते. मालिकेचं नाव 'बंद इमारत'. एक रिकामी इमारत, तिचा म्हातारा रखवालदार आणि तिथे राहणारी, पाय फुटलेली एक भित्री बादली. बस, इतकंच. बादलीचा आवाज धाकटीचा. रखवालदाराचा आमच्या बाबांचा.

बाबा एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त झाले तरी किल्ल्यांचा जुडगा त्यांनी सोडला नाही. त्यातल्या निम्म्या किल्ल्यांची कुलपं आता जगात कुठे असतील असं मला वाटत नाही. पहिल्यांदा आवाज द्यायला बसले तेव्हाही जुडगा उजव्या हातात होता आणि बोलता बोलता तो वाजवायची खोड होतीच. धाकटीने विनवण्या केल्या, रागावून पाहिलं, जुडगा लपवून पाहिला. किल्ल्या नसल्या की बाबांना वाक्यं आठवत नसत. शेवटी तिने हात टेकले. खरं तर ते पात्र शिंप्याचं होतं, तिने त्याला रखवालदार करून टाकलं. प्रत्येक भागाच्या शेवटी तो किल्ल्या वाजवतो आणि म्हणतो, "कुलूप लावलंय. जा, झोपा आता." श्रेयनामावलीत बाबांनी नाव घालू दिलं नाही. लोकांना काय करायचंय, म्हणाले. म्हणून तिथे लिहिलेलं असतं, 'रखवालदार : स्वतः'.

लोकांना बरंच काही करायचं होतं. मालिकेच्या चाहत्यांचा एक ग्रुप निघाला, तो वाढत वाढत एवढा झाला की मला हसावं की रडावं कळेना. हे लोक एकेक चित्र थांबवून बघत. एका भागात धाकटी दाराची मूठ काढायची विसरली. त्या न काढलेल्या मुठीवर ग्रुपमध्ये जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या लग्नाचीही घरात झाली नव्हती. धाकटीला मजा वाटली आणि तिने पुढच्या भागापासून बिनमुठीची दारं कथेतच घातली. मग काय, ग्रुपने नियमच केला की इथे चूक म्हणायचं नाही, खूण म्हणायचं. सगळ्यांत कडक ॲडमिन होता 'उलटा पंखा'. हा बाई की बुवा, कुणाला ठाऊक नव्हतं. मालिकेतलं प्रत्येक वाक्य त्याला तोंडपाठ होतं.

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. दिसत नाही म्हणून तक्रार घेऊन माणसं रोज येतात. जास्त दिसतं म्हणून अजून एकही आलेलं नाही. मला ही मंडळी आवडत नसत, सरळ सांगतो.

बाबांना मात्र फार आवडत. त्यांनी ग्रुपमध्ये खातं उघडलं होतं, तेही 'रखवालदार स्वतः' याच नावाने, पण कधी लिहीत नसत. टॅबलेट मांडीवर घेऊन नुसते वाचायचे आणि स्वतःशीच हसायचे.

मग बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. घरी आणलं तेव्हा समजत सगळं होतं, तोंडातून फक्त एक ओला, जड आवाज निघत होता. स्पीच थेरपीच्या बाई येऊन त्यांच्याकडून 'प प प, म म म' करून घ्यायच्या. ज्या माणसाने अख्खा कारखाना एका आवाजात गप्प केला होता, त्याला हे झेपेना. ते भिंतीकडे तोंड करून पडत. बाईंनी बाजूला घेऊन आम्हाला सांगितलं, आत्ता बोलले नाहीत तर पुढे अवघड आहे. सक्ती करून बघितली, लाडीगोडी लावून बघितली. बाबा ढिम्म.

आजारपणाबद्दल बाहेर एक अक्षर सांगायचं नाही, हे त्यांनी मान हलवून धाकटीकडून वदवून घेतलं होतं. तिने ते पाळलं. पण मालिका थांबवणंही तिच्या जिवावर आलं. म्हणून तिने जुन्या भागांतले बाबांचे शब्द कापून, जोडून नवीन वाक्यं केली आणि ओठ जुळेनात म्हणून रखवालदार पूर्ण भाग पाठमोरा उभा केला.

उलट्या पंख्याने दुसऱ्याच दिवशी मांडलं, कोणता शब्द कोणत्या भागातला. एकही चुकला नव्हता. आता एखादा साधा माणूस म्हणाला असता, आवाज देणारे आजारी असतील. पण इथे चूक म्हणायची सोय नव्हती. पाठमोरा उभा आहे, जुनंच बोलतो आहे, म्हणजे रखवालदार मेलेला आहे आणि इमारतीला त्याची आठवण येते आहे, असा निकाल लागला. सगळ्यांना तो इतका पटला की ग्रुपमध्ये श्रद्धांजली सुरू झाली. जो तो उघड्या कुलपाचं चित्र काढून टाकू लागला. काही चित्रं चांगली होती, नाही म्हणवत नाही.

बाबांनी ती सगळी पाहिली. डाव्या बोटाने एकेक चित्र वर सरकवत गेले. मी टॅबलेट काढून घ्यायला गेलो, तर त्यांनी माझ्या हातावर फटका मारला. स्वतःची श्रद्धांजली स्वतः वाचायला मिळणं ही तशी दुर्मीळ गोष्ट. पण त्यांना त्यात गंमत वाटत नव्हती. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि झटक्यानंतर पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर माझे बाबा दिसले. त्यांनी धाकटीच्या माइककडे बोट दाखवलं.

थेरपीच्या बाई आल्या तर हे उठून बसलेले. 'प प प' झालं, 'म म म' झालं. बाई गेल्यावरही चालूच. शेजारीण विचारून गेली, घरात लहान मूल आलंय का. काही आठवड्यांनी एका दुपारी त्यांनी ते वाक्य म्हटलं. कुलपाचा 'ल' आणि झोपेचा 'झ' नीट आलेच नाहीत, मध्ये एकदा लाळ पुसावी लागली, पण वाक्य पूर्ण झालं. धाकटी ते सॉफ्टवेअरवर साफ करायला बसली, तर बाबांनी माउसवरचा तिचा हात धरला. मी म्हटलं, लोक हसतील. तिने तसंच टाकलं.

लोक हसले नाहीत. त्यांनी त्याहून वाईट केलं. हा तोतया आहे, म्हणाले. खऱ्या रखवालदाराची जागा कुणीतरी घेतली आहे, हीच पुढची खूण. उलट्या पंख्याने पुरावे दिले: आवाज वेगळा, दम वेगळा, आणि किल्ल्या वाजत नाहीत. बाबा कितीतरी वेळ डाव्या बोटाने टॅबलेटवर काहीतरी करत होते. मी डोकावलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ग्रुपमध्ये लिहिलं होतं, 'मीच आहे.'

ते लगेच काढून टाकलं गेलं. मालिकेतला कोणी असल्याचं सोंग करायचं नाही असा नियम होता, त्यामुळे खातंही बंद झालं. वाचता येईल, लिहिता येणार नाही.

बाबा भिंतीकडे वळले. थेरपीच्या बाई आल्या, बसल्या आणि उठून गेल्या.

मी रागाच्या भरात तिथल्या तिथे 'शहाणा' नावाने खातं उघडलं आणि सगळ्यांच्या सात पिढ्या उद्धरायला बसलो. धाकटीने फोन हिसकावून घेतला. सांगायचं नाही हे बाबांनी ठरवलंय, आपण कोण? मग ती पंख्याचे पुरावे पुन्हा वाचत बसली आणि मला म्हणाली, "दादा, किल्ल्या कुठे आहेत?"

किल्ल्या माझ्या कपाटात होत्या. हॉस्पिटलमध्ये बाबांचं घड्याळ, पाकीट आणि जुडगा एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिला होता, आणि ती पिशवी उघडायचा मला धीर झाला नव्हता. मी जुडगा आणला आणि पाठमोऱ्या बाबांच्या मागे नुसता वाजवला. ते वळले. डावा हात पुढे केला. त्या हाताला त्याची सवय नव्हती, जुडगा दोनदा पांघरुणावर पडला. तिसऱ्यांदा त्यांनी तो घट्ट धरला आणि वाजवत वाजवत वाक्य म्हटलं. 'ल' तसाच होता. पण या वेळी लाळ पुसावी लागली नाही, आणि ते शब्द शोधत नव्हते.

त्या भागात धाकटीने रखवालदाराला समोर उभं केलं. तोंड एका बाजूला कललेलं. उजवा हात खिशात. किल्ल्या डाव्या हातात.

भाग टाकल्यावर आम्ही तिघं टॅबलेटभोवती बसलो. मीसुद्धा. इतर वेळी एव्हाना तर्कांचा पाऊस पडला असता. आज उलट्या पंख्याची सगळे वाट बघत होते, आम्हीही. बऱ्याच वेळाने त्याने लिहिलं, किल्ल्या त्याच आहेत, सगळे जुने भाग लावून ऐकलं. त्याखाली अजून एक ओळ आली.

'काका, उजव्या हाताला काय झालं?'

बाबांनी ती ओळ वाचली. मग डावं बोट टेकवून उत्तर लिहायला लागले आणि टॅबलेटने सांगितलं की या खात्याला इथे लिहायची परवानगी नाही. बाबा हसले. हसू वाकडं आलं, पण ठसका लागेपर्यंत आलं. त्यांनी माझ्या खिशातल्या फोनकडे बोट केलं.

मी विचारलं, "काय लिहू?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. सांगायचं नाही असं ज्यांनी ठरवलं होतं, ते एकेक शब्द जुळवत सांगत होते आणि मी लिहून घेत होतो. मला मधूनमधून अक्षरं दिसत नव्हती. चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं काढूनही त्यावर इलाज मला ठाऊक नाही. 'शहाणा' या नावाने ग्रुपमध्ये संदेश गेला.

'हात गेला. वाचा परत येतेय. कुलूप लावलंय. जा, झोपा आता.'

उलट्या पंख्याने तो काढून टाकला नाही.