दाराबाहेरचा झेंडू

दामिनीच्या अंगणात यंदा झेंडू असा काही फुलला होता की दिघोरीतली माणसं वाकडी वाट करून टेकचंदच्या घरावरून जाऊ लागली. भगवा झेंडू, लिंबू झेंडू, मधेच लाल कोंबड्याची फुलं, कुंपणावर निळी गोकर्ण. तेलाचे रिकामे डबे गेरूनं रंगवून तिनं पायऱ्यांवर मांडले होते आणि त्यांत शेवंती लावली होती. नवरात्रात रोज टोपलीभर फुलं त्या घरून देवीच्या मंडपात जात. त्या घराच्या दाराला मात्र एक फूल लागत नव्हतं.

कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. मागच्या दसऱ्याला टेकचंद आणि निर्मलाबाईचा मनिष, म्हणजे दामिनीचा नवरा, लाखांदूरच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडला आणि गेला. ज्या सणाला घरातलं माणूस जातं, तो सण त्या घराला बंद. तोरण नाही, गोडधोड नाही, सोनं द्यायला कुणी दारात येत नाही. पुन्हा सुरू व्हायचा तर नेमक्या त्याच सणाच्या दिवशी घरात मूल जन्मावं, नाहीतर गाय व्यावी. हा नियम कुणी केला देव जाणे, पण तो मोडायची गावात कुणाची छाती नव्हती.

आणि टेकचंदच्या गायीचे दिवस भरत आले होते. मग काय विचारता! ज्यांनी वर्षभरात तिला एक पेंढी घातली नाही, तेही येऊन तिच्या कासेला हात लावून मत देऊ लागले. टेकचंद तर रोज सकाळी गायीच्या कानाशी लागून म्हणे, "थांब माय, अजून थांब."

निर्मलाबाईला गाय आज व्याली काय नि उद्या व्याली काय, सारखंच होतं. वर्षभरात तिला काही वाटेनासंच झालं होतं. ती रडली नव्हती. भाजीत मीठ राहिलं तर तिला कळत नसे. दामिनीनं "आई, शेवंती पाहा ना" म्हटलं की ती पाही, "हो, फुलली" म्हणे आणि आत निघून जाई. बधिर पायाला चिमटा काढून पाहावा तसं तिनं एकदोनदा मनिषचं नाव मोठ्यानं घेऊन पाहिलं. काही झालं नाही. एवढंच पक्कं होतं की दसरा बंद आहे तोवर तो दिवस मनिषचा आहे. तो पुन्हा साऱ्या गावाचा झाला तर आपल्याकडे त्याचं काय उरणार, एवढीच धास्ती तिच्यात जिवंत होती.

नवमीच्या सांजेला टेकचंद, दामिनी, तिची लहानगी डिंपल, सारे मंडपात गेले. ती गोठ्यात वैरण टाकायला गेली आणि गाय तिच्यासमोरच व्याली. कालवड झाली. निर्मलाबाईनं तिला भाताच्या तणसानं पुसलं, गायीला गूळ चारला, काही वेळानं वार पडली ती परसात पुरली, हात धुतले आणि गोठ्याचं दार ओढून घेतलं. माणसं परत आल्यावर तिनं पानं वाढली. लपवायचं असं तिच्या मनात काही नव्हतं. सांगावंसंच वाटलं नाही.

सकाळी टेकचंदनं गोठा उघडला आणि आरोळी ठोकली, "व्याली! दसऱ्याले व्याली माही गाय!"

गल्ली गोळा झाली. सगळ्यांच्या पुढे ललिताबाई, निर्मलाबाईची थोरली चुलतजाऊ. सुतक, विटाळ, सणवार, सगळ्यात तिचा शब्द अखेरचा. कालवड कोरडीठाक होऊन गोठ्यात उड्या मारत होती. ललिताबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग भुईकडे.

"वार कुठं हाय गा, टेकचंद?"

टेकचंद इकडेतिकडे पाहू लागला.

"पडली. म्या पुरली," निर्मलाबाई म्हणाली.

"कवा व?"

टेकचंदचा चेहरा खर्रकन उतरला. कालवडीला लावायला तो मुठीत हळद घेऊन आला होता. ती मूठ तशीच हवेत राहिली. कुंपणाशी दामिनी रिकामी टोपली घेऊन उभी होती, कुणाकडेच न पाहता.

खरं सांगायला निर्मलाबाईला काहीच कष्ट नव्हते. एक शब्द, आणि दसरा तिच्याकडेच राहिला असता. पण तिची नजर नवऱ्याच्या मुठीकडे गेली. हळद बोटांतून सांडत होती.

"आज. पहाटे," ती म्हणाली, आणि लगेच घाबरली. आपण पोराला दुसऱ्यांदा घालवलं, असं तिला वाटलं.

ललिताबाई वाकली. कालवडीच्या बेंबीला बोट लावलं. बेंबी सुकली होती. जन्म गुरांत गेलेल्या बाईला ते कुणी सांगावं लागत नाही. तिनं मान वर करून निर्मलाबाईकडे पाहिलं. मग पदराला बोट पुसत म्हणाली, "ओलीच हाय अजून. आजचीच कालवड. लावा तोरण."

एकच गलका झाला. दामिनी झेंडूत शिरली ती टोपली भरूनच बाहेर आली. आंब्याची पानं कुणीतरी आणली, तोरण झालं. "सवाशिणीच्या हातानं बांधा," ललिताबाईनं बजावलं. निर्मलाबाई स्टुलावर चढली. खालून तोरण देताना दामिनी हळूच म्हणाली, "आई, काल सांजी मी डिंपलची पाण्याची बाटली न्यायले आली होती. तुम्ही वार पुरून राहिल्या होत्या."

निर्मलाबाईचा हात खिळ्याशी थांबला. "मंग बोलली काहून नाही?"

"तुमचा पोरगा होता. तुम्ही म्हणान तसं, म्हटलं. म्हणून सकायपासून फुलाले हात नाही लावला."

निर्मलाबाई वरून तिच्याकडे पाहत राहिली. कोरी मान, कोरं कपाळ, नखांत माती. आपला मुलगा गेला हे तिला वर्षभर ठाऊक होतं. या पोरीचा नवरा गेलाय, हे तिला तिथं, त्या स्टुलावर कळलं. आणि मग छातीत असं काही दुखलं की तिला चौकट धरावी लागली.

ती खाली उतरली.

"चढ," ती दामिनीला म्हणाली.

"अवो माय, निर्मला, तिच्या हातानं?" ललिताबाई पुढे आली.

"तिचेच फुलं हायत, बाई. या, स्टूल हालून राहिला. तुम्ही तिकडून धरा."

ललिताबाईनं पदर खोचून स्टूल धरला.