पंगतीतला आवाज

अकोल्याच्या जुन्या शहरात नितेशच्या सीडी-डीव्हीडीच्या दुकानी कौशल्याबाईंनी पिशवीतून डीव्हीडी काढली. तिच्यात पोरीचं लग्न होतं आणि पंगतीत आग्रह करत फिरणारे त्यांचे मालक होते. माणूस गेला, आवाज तेवढा त्या चकतीत उरला होता. ती अडखळायला लागली, तेव्हा बाईंनी समई घासावी तशी ती राखेनं लख्ख घासली होती.

"काकू, हे मऊ फडक्यानं मधून बाहेर पुसाची असते. तुमी तर भांडंच समजल्या!"

नितेशनं चकतीला पॉलिश केलं, दुसऱ्या प्लेअरमध्ये लावून पाहिली. हार पडले, पंगत बसली आणि चित्र थिजलं.

"दुसरी कॉपी कोनाकडं हाये?"

"देराकडं. पन आमचं बोलनं बंद हाये."

शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या वादावरून बंद पडलेलं ते बोलणं बाईंनी लोणच्यासारखं मुरवलं होतं. दिराच्या कॉपीवरून उतरवून घ्यायला नितेशनं चांगल्या कंपनीची कोरी डीव्हीडी समोर ठेवली. तिच्याकडे पाहत बाईंनी फोन लावला.

"नत्थूभाऊजी, मी कौशल्या. लग्नाची डीव्हीडी द्या मले. पाया पडतो तुमच्या."

पलीकडून दीर बोलले.

"वहिनी, आमची तर दोन दिवाळ्यांपासून लागतच नाही. हलक्या डिस्का होत्या त्या. दादाचा आवाज आयकाले तुमची मांगावं म्हनलं, पन कोन्या तोंडानं मांगू?"

बाईंनी कोरी डीव्हीडी नितेशकडे परत सरकवली.

"मांगाची होती, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तवा माही चालत होती."